रूपाली संघात आली

धुळे, रविवार

प्रिय शालिग्राम,
तुला आणि दिपमालाला अक्काचे भरभरून आशीर्वाद.

तुझी लेक कॉलेजच्या बेसबॉल संघात निवडली गेली! पहिलाच चेंडू तिने दणकून मारला, पण क्रिकेटसारखी बॅट हातात घेऊनच धावली. सर ओरडले, "बॅट टाक गं!" ही आपल्या अहिराणीत म्हणते, "नवी बॅट शे सर, मातीमा कशी टाकू?" सगळं मैदान हसलं. पुढच्या वेळी मात्र बॅट टाकून अशी पळाली, की मला कॉन्व्हेंट शाळेतला आमचा राउंडर्सचा बॅट-चेंडूचा खेळ आठवला.

तिचा गुडघा जरा खरचटलाय, काळजी नको. दिपमालाची कंबर कशी आहे?

रूपालीला विद्यापीठाकडून खेळायचंय. दिवाळीनंतर तिला बघायला पाहुणे येणार म्हणालास, तेव्हापासून ती नीट जेवत नाही. तुला विचारायला घाबरते, म्हणून मी विचारते: पदवी होईपर्यंत तिला माझ्याकडे राहून खेळू देशील ना?

तुझीच,
अक्का