राखेच्या विटांची खोली

३ फेब्रुवारी
वहीची माफी मागतो. सोळा दिवस लिहिलं नाही, पण रिकामा नव्हतो. राइस मिलमागे भाताच्या तुसाचा डोंगर पडलाय. तूस ड्रममध्ये जाळायचं, राख सिमेंटमध्ये मिसळायची, ब्लॉक पाडायचे. मोबाइलवर पाहिलं. सिमेंट वाचतं, कचरा संपतो. मुलगा-सून भाड्याने वेगळं राहायचं म्हणतात. घरामागे त्यांना खोली बांधून दिली की विषय बंद.

७ फेब्रुवारी, सकाळ
व्हिडिओतली राख पांढुरकी, माझी काळी. काळीत कस जास्त असणार. व्हिडिओवाला शंभरात पंधरा भाग राख घाला म्हणतो. भित्रा दिसतो. मी निम्मी घातली. ही म्हणाली, कुणा जाणत्याला विचारा. सिमेंटच्या गोदामात जन्म गेला माझा, मी कुणाला विचारू?

१५ फेब्रुवारी
गवंडी आला. दोन ब्लॉक एकमेकांवर आपटून बघितले. म्हणाला, काका, ब्लॉक खणखणला पाहिजे, हा तर खोकतोय. म्हटलं, नवीन मटेरियल आहे. तो म्हणाला, मग निदान महिनाभर पाणी मारा, आणि बांधायला मला बोलावू नका. नाही बोलावत. मुलगा एक तारखेला भाड्याची जागा बघणार, महिना कुठून आणू? पाणी आठवडाभर पुरे.

२७ फेब्रुवारी
चारही भिंती उभ्या. एकट्याने. वर पत्रेही चढले. सुनेनं भिंतीवर बोट फिरवलं, काळं झालं. म्हणाली, मामंजी, ही अंगाला लागते. रंग दिला की थांबेल. मुलाने भिंतीला हात लावून पाहिला. भारावला असणार. जागा बघायचं रद्द केलं त्यानं.

५ मार्च
सुनेनं फळीसाठी खिळा ठोकला. भिंत तिच्या पायावर आली. घोटा दोन ठिकाणी मोडला. खिळा फार मोठा होता.

११ मार्च
हॉस्पिटलमधून ती परस्पर माहेरी गेली. मुलगा कपडे न्यायला आला. म्हणाला, बाबा, गवंडी सांगून गेला होता ना? मी म्हटलं, पुढच्या वेळी राख कमी घालतो. तो बॅग उचलून गेला.

२ एप्रिल
माझा फोन तो घेत नाही. हिच्याशी बोलतो, मी खोलीत आलो की ही फोन ठेवते. प्लास्टर निघालं का, टाच टेकते का, मला कुणी सांगत नाही.
पत्रे उतरवून उरलेल्या तीन भिंती आज पाडल्या. हातोडा लागला नाही. हातानेच पडल्या.
बाळा, ती चालायला लागली का, तेवढं कळव. लवकर कळव.