अकरा नंबरचा माइक

भुसावळ, रविवार

प्रिय प्रज्ञा,

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितोय, असं समजू नकोस. उचलला असतास तरी हे मी फोनवर बोललो नसतो. का, ते शेवटी सांगतो. पत्ता मृणालीकडून फोनवर घेतला. ही तुझी मैत्रीण माझ्यावर एवढी चिडलेली, की धुळ्याचा पिनकोडसुद्धा तिनं एकेक आकडा आपटत सांगितला. 'काका, ती माझ्याकडे बरी आहे, तिला त्रास देऊ नका,' म्हणाली. मी म्हटलं, बाई, टपालानं कसला त्रास? तेवढ्यात तिच्या मागे कुणीतरी ओट्यावर पातेलं ठेवलं. आधी कड टेकवून, मग हळूच बूड. ही तुझ्या आईची पद्धत. तू तिथंच उभी होतीस, हो ना?

इकडचं सांगायचं तर सगळं जागेवर आहे. बामणोदची वांगी बाजारात आलीत. परवा मी एक आणून भाजलं. पण एका माणसापुरतं भरीत होत नाही गं. ते दुसऱ्या दिवशीही पुरलं, आणि तिसऱ्या दिवशी सुमनबाईंच्या शेळीनं खाल्लं. सुमनबाई कुंपणावरून म्हणाल्या, 'भाऊ, तुम्ही हल्ली घरात कुणाशी बोलता?' मी म्हटलं, बातम्या लावतो. खोटंच. मी आपला एकटाच बोलतो. चहात साखर जास्त झाली की मोठ्यानं म्हणतो, जास्त झाली. खोलीत आठ स्पीकर एकावर एक रचून ठेवलेत आणि त्यातला एकही तोंड उघडत नाही. कधीकधी मी रिकामाच हेडफोन लावून बसतो. त्यात निदान थोडी खरखर तरी असते.

तू लहान असताना विचारायचीस, आबा तुम्ही शाळा शिकला नाहीत, मग हे सगळं कसं शिकलात? कानानं शिकलो. रेल्वे कॉलनीत भोंगेवाल्या झिपरूदादांच्या सायकलला दोन भोंगे बांधून मी मागे पळायचो. कुठल्या भोंग्याचा पडदा फाटलाय, ते मला उघडण्याआधी कळायचं. दीपनगरच्या चौदा एप्रिलला स्वतःचा पहिला अँप्लिफायर लावला, तेव्हा तुझी आई समोर बसून टाळ्या वाजवत होती, गाण्याला नाही, अँप्लिफायरला. त्याच वर्षी टेम्पोवर तिच्या नावानं 'रत्ना साउंड' रंगवलं. झिपरूदादांनी धंदा देताना एकच अट घातली होती: ज्याच्या दारी वाजवायला जाशील, त्याच्या दारातलं ऐकलेलं तिथंच ठेवून यायचं. माइकसमोर बसलेल्या माणसाला वाटतं, आवाज सभागृहात जात नाही म्हणजे कुणी ऐकत नाही. पण मिक्सरवरचा खटका खाली ओढलेला असला तरी आमच्या हेडफोनमध्ये सगळं येतं. किती लग्नांतली भांडणं, किती पुढाऱ्यांचे हिशेब या कानांनी ऐकले आणि गिळले. म्हणून तर लोक बोलवायचे. भिकन साउंडवाला बरा, पोटात ठेवतो, म्हणायचे.

तुझ्या नववीतली वक्तृत्व स्पर्धा आठवते? तुला दुसरा नंबर मिळाला होता. त्या दिवशी परीक्षक आपापसांत काय बोलले, ते मी घरी येऊन तुझ्या आईला हसत हसत सांगितलं. पहिली तूच होतीस, पण पहिला नंबर संस्थाचालकांच्या पुतण्याला द्यायचा होता. तू दारामागे होतीस. तुझ्या आईनं मला भाकरी वाढणं थांबवलं आणि तू आत येऊन एवढंच म्हणालीस, 'आबा, तुम्हाला ऐकू सगळं येतं.' पुढचं तू बोलली नाहीस. मला वाटलं, मोठी झाली की धंद्याचे नियम समजतील.

आता त्या दिवसाचं. विधानसभेची पंचायत राज समिती तू इंजिनीअर म्हणून लागलीस त्या जिल्हा परिषदेला येणार, गावागावांत पैसा कुठं गेला ते विचारणार, आणि सभागृहाचं साउंड माझं, हे तुला आधीच माहीत होतं. मला मात्र तू फोनवर फक्त म्हणाली होतीस, 'आबा, माझी एक सही चुकलीय.' मी चौदा माइक लावले. वर आमदारांसाठी आठ, समोर अधिकाऱ्यांसाठी सहा. अकरा नंबर तुझ्या मोठ्या साहेबांसमोर, चौदा नंबर कोपऱ्यात, तिथं तू. मी मागे पडद्याशेजारी मिक्सर मांडून बसलो. तू आत येताना एकदा माझ्याकडे पाहिलंस आणि पदर सारखा केलास, तुझ्या आईसारखा.

खरं सांगू, सुरुवातीला मला मजाच येत होती. आमदार विचारत होते आणि साहेब लोक फायली उलटीपालटी करत होते. डोंगराखालच्या त्या वस्तीच्या पाणी योजनेचं पान निघालं तेव्हा अध्यक्ष म्हणाले, 'टाकी उभी आहे, नळ उभे आहेत, मग पाणी काय रजेवर गेलंय?' सगळे हसले. साहेब उठून म्हणाले, 'सर, माहिती घेऊन सांगतो.' त्यावर एक आमदारबाई बोलल्या, 'अहो, माहिती घ्यायला तर आम्ही मुंबईहून आलो, तुम्ही आता कुणाकडे जाणार?' मीही हसलो. मग त्या बाईंनी पान वाचलं. टाकीपासून वस्तीपर्यंतची पाइपलाइन मोजमाप पुस्तकात पूर्ण दाखवलीय, प्रत्यक्षात निम्मीच आहे. पूर्ण झाल्याची नोंद कुणी केली, सही कुणाची? माझं हसू तिथंच थांबलं.

साहेब खाली बसले. बसताना त्यांनी माइकच्या तोंडावर तळहात ठेवला. तळहातानं आवाज थांबत नाही, हे त्यांना कोण सांगणार? दिवा लालच होता, म्हणजे माइक चालूच. सभागृहात जाऊ नये म्हणून मी सवयीनं अकरा नंबरचा खटका खाली ओढला, आणि माझ्या कानात ते शेजारच्या साहेबाला म्हणाले, 'मीच बोललो होतो तिला. एकतीस मार्च होता, निधी परत गेला असता. म्हटलं, कर सही, पाइप रस्त्यात आहे, सोमवारी टाकून घेऊ. पण कागदावर कुठंय? तोंडी होतं. घेऊ दे तिलाच, पोरगी नवीन आहे, एकटी आहे, निभावून नेईल.' शेजारचा हसला आणि म्हणाला, 'तुम्ही वस्ताद आहात.' एवढंच. अर्ध्या मिनिटाचं काम.

माझा अंगठा त्या खटक्यावरच होता, प्रज्ञा. दोन बोटं वर सरकवला असता तर सगळ्या सभागृहानं ऐकलं असतं. मी अंगठ्याकडे बघत बसलो. मनात काय होतं, ते प्रामाणिकपणे लिहितो. तू नव्हतीस. झिपरूदादा होते, गणपतीच्या दहा दिवसांची बुकिंग होती, आणि हे पोटात ठेवायचं, ही चाळीस वर्षांची सवय होती.

मग तुझं नाव पुकारलं. तू उठलीस आणि बोलण्याआधी माइकवर बोटानं दोनदा टिचकी मारलीस. तू सहा वर्षांची असताना मी शिकवलेली खूण, आबा आवाज वाढवा. मी वाढवला. तू म्हणालीस, 'सही माझीच आहे. पाइप न बघता केली, ही चूक माझी.' कुणी सांगितलं होतं का, असं त्या आमदारबाईंनी दोनदा विचारलं. तू साहेबांकडे पाहिलंस, त्यांनी फाईलकडे पाहिलं, आणि तू म्हणालीस, 'लेखी काही नाही.' एकेक अक्षर मागच्या भिंतीपर्यंत स्वच्छ पोहोचलं. तुझी कबुली मी सभागृहभर ऐकवली आणि त्यांची कुजबुज दाबून ठेवली. आयुष्यात एवढं चोख काम मी कधी केलं नसेल.

पायऱ्यांवर तू मला गाठलंस. मी वायर गुंडाळत होतो. 'आबा, साहेब माइकवर हात ठेवून काहीतरी बोलत होते. तुमच्या कानात आलं का?' मी वर न बघता म्हणालो, 'गोंगाट होता गं.' तू खाली वाकलीस. मग माझ्या हातातला वायरचा पीळ सरळ करून दिलास आणि गेलीस. नवव्या दिवशी तुझ्या निलंबनाची बातमी मला पेपरमधून कळली.

त्यानंतर तीन महिने मी कामं घेतली आणि बिघडवली. एका हळदीला शिट्टी मारत राहिला माइक, आणि मला ती ऐकूच येईना. नवरदेवाचा मामा म्हणाला, 'भाऊ, कान तपासा.' मागच्या गुरुवारी टेम्पो काढला आणि त्या वस्तीवर गेलो. टाकीला निळा रंग छान दिलाय. खाली द्रौपदाबाई नावाची म्हातारी बसली होती. तिच्याकडे पाणी मागितलं तर विहिरीवरून आणलेल्या हंड्यातलं दिलं आणि टाकीकडे बोट करून म्हणाली, 'टाकी शे, पानी नही शे.' मी विचारलं, इथं कुणी मॅडम यायच्या का? तर तिचा चेहराच बदलला. 'ती पोर चार खेप उनी. बठ्ठासना घर गयी. आते कोनी येत नही.' सही चुकल्यावर तू तिथं चार वेळा गेलीस, उरलेल्या पाइपसाठी घरोघर फिरलीस, हे मला तुझ्याकडून कळायला हवं होतं. तिनं विचारलं, तुम्ही तिचे कोण? मी ते पाणी उभ्यानं प्यायलो. गार होतं, जरा मचूळ होतं. आणि मला लाज वाटली की एवढ्या लांबून आणलेलं पाणी मी मागून प्यायलो.

आता एक गोष्ट तुला माहीत नाही. समितीचे लोक त्यांच्या नोंदीसाठी रेकॉर्डिंग मागतात, म्हणून माझं यंत्र प्रत्येक माइकचा आवाज एका कार्डावर वेगवेगळा साठवतं. नंतर त्यांची प्रत देऊन, आठ दिवसांनी कार्ड पुसायचं, ही माझी पद्धत. समितीला सभागृहात ऐकू आला तेवढाच आवाज दिला होता. हे कार्ड मी पुसलं नाही. तुझ्या आईच्या चष्म्याच्या डबीत ठेवलंय. का ठेवलं, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं. रोज डबी उघडायचो, कार्ड आहे बघायचो, मिटायचो. काल पहिल्यांदा ते लावून ऐकलं. साहेबांचा आवाज स्वच्छ आहे. पण त्याच वेळी चौदा नंबरवर तू आहेस. बोलत नाहीयेस, नुसता श्वास येतो, आणि मध्येच अगदी हळू, एक दोन तीन, एक दोन तीन. माइक तपासताना मी म्हणतो तसं. लहानपणी भीती वाटली की तू हे म्हणायचीस. ते मी त्या दिवशी ऐकलं नाही, कारण तेव्हा माझा कान अकरा नंबरवर होता.

हे कार्ड मी बाहेर काढणार, असं मंडपवाल्या मगनला सांगितलं, तर तो म्हणाला, 'भिकन, येडा झाला का? यानंतर सरकारी कार्यक्रमात तुला पिपाणीसुद्धा कुणी वाजवू देणार नाही. आणि लग्नवालेही विचार करतील, हा घरातलं बाहेर सांगतो म्हणून.' बरोबरच आहे त्याचं. मी त्याला म्हटलं, दोन स्पीकर तू घेऊन टाक, खोलीत जागा होईल. तो रागावून चहा अर्धा टाकून गेला.

शेवटी सांगतो म्हणालो होतो, ते आता. बुधवारी तुझी चौकशी आहे, ते मृणाली रागाच्या भरात बोलून गेली. मी अकरा वाजता तिथं बाहेरच्या बाकावर असेन. चौकशी अधिकाऱ्यांना कार्ड आणि माझा जबाब देईन, समितीच्या अध्यक्षांना त्याची प्रत पाठवीन. तुझी सही चुकीचीच होती, ती मी पुसू शकत नाही आणि तू पुसू देणारही नाहीस. फक्त ती करायला कुणी सांगितलं, एवढं त्यांना ऐकू जाऊ दे. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, पुढून निघून जा, मी पावलांवरून ओळखेन. तुमच्या ऑफिसात तोंडी गोष्टीला किंमत नसते, हे मी त्या सभागृहात शिकलो. पायऱ्यांवर तू मला विचारलंस त्याचं उत्तर मी तोंडी दिलं होतं आणि ते खोटं होतं. म्हणून खरं उत्तर कागदावर, पूर्ण नावानं सही करून पाठवतोय. कुणालाही दाखव. हो प्रज्ञा, मला ऐकू आलं होतं. पहिल्या शब्दापासून.

तुझाच आबा,
भिकन तोताराम तायडे