धूळ बसली, आता जेवाया या

आप्पा, आज माझ्यासमोर एक खडी फोडणारा माणूस बसला होता. इथे बेळगावला दवाखान्यात माणसांची फुप्फुसं मोजायचं माझं काम. नळीत जोरात फुंकायला लावायचं आणि यंत्रावर उमटणारी रेघ बघायची. तिसऱ्या फुंकरीला त्याला ठसका लागला, तशी त्याच्या बायकोने पिशवीतून गुळाचा खडा काढून त्याच्या तोंडात दिला. मी भिंतीकडे तोंड करून कागद चाळत राहिले. रामनगरच्या अलीकडच्या खडीच्या क्रशरवरून तुम्ही घरी यायचात, भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या. पायरीवर बसून चुळा भरायचात आणि आई हातावर गूळ ठेवायची. क्रशरवरचे सगळेच खायचे. गुळाबरोबर धूळ पोटात उतरते, हा तुमचा पक्का हिशेब. अर्धा खडा मोडून तुम्ही मला द्यायचात. म्हणायचात, "घे पोरी, माझ्या अंगावरची धूळ तुला बी लागली आसंल."

तो हिशेब चुकीचा होता, आप्पा. गूळ जातो अन्नाच्या नळीने आणि धूळ जाते श्वासाच्या. दोघांची गाठच पडत नाही. जाड धूळ नाकातच अडकते. त्याहून बारीक असते ती श्वासनळीत शिरते, पण नळीला पुढे फाटे फुटतात, फाट्याला पुन्हा फाटे, आणि हवा वळते तशी ही वळू शकत नाही. जोयड्याच्या रस्त्यावर जीप वळणाला आली की टपावरचं सैल गाठोडं सरळ झाडीत जायचं, तशी ती सरळ जाऊन भिंतीला आपटते. तिथल्या ओल्या अस्तरावर चिकटते आणि कफाबरोबर वर येते. तुम्ही परसात थुंकून म्हणायचात, "बघ, निघाली." निघायची ती हीच, त्यातल्या त्यात गरीब. सगळ्यात बारीक धूळ हवेबरोबर प्रत्येक वळण घेत पार तळाच्या फुग्यांपर्यंत जाते. तिथे वारा जवळजवळ थांबलेला असतो. बंद माळ्यावर भांड्यांवर बसते तशी ती सावकाश, आवाज न करता बसते. तिला झाडून काढणारं तिथे काही नाही. शरीर तिला गिळू बघतं, पण दगड कुणाला पचलाय? मग तिच्याभोवती व्रण धरतो, आणि एकेक करून ते फुगे निबर होतात.

दहावीच्या सुट्टीत मी एकदा तुमचा डबा घेऊन क्रशरवर आले होते. मशीन चालू असताना सगळ्यांच्या तोंडाला ओला पंचा. जेवायला मशीन बंद झालं, पांढरा लोट खाली आला, समोरचा डोंगर दिसायला लागला. तुमच्यातला एक म्हातारा ओरडला, "धूळ बसली, आता जेवाया या." आणि सगळ्यांनी पंचे सोडले, गुडघ्यावर आपटून झटकले, हसत भाकऱ्या उघडल्या. मीही बसले. आता कळतं की बसली होती ती दिसणारी धूळ. न दिसणारी त्या स्वच्छ हवेत तशीच तरंगत होती, आणि उरलेली आम्ही पंचे झटकून उडवली. तोंड झाकायची खरी वेळ ती होती आणि नेमके तेव्हाच आम्ही सगळे मोकळ्या तोंडाने गप्पा मारत होतो. ते जेवण मला फार आवडलं होतं, हेही खरं.

मग तुमचा खोकला सुरू झाला. डॉक्टर टीबी आहे म्हणाले, गोळ्या दिल्या. सहा महिने झाले, फरक नाही. पुन्हा गोळ्या. तुम्ही काम काय करता हे कुणी विचारलं नाही, आणि आम्ही सांगितलं नाही. खडी फोडणं हा काय आजार आहे का सांगायला? मी तेव्हा दांडेलीला कॉलेजात, शास्त्र शिकत होते, म्हणजे शहाणपण नुसतं उतू चाललेलं. सुट्टीला आले, तुमच्या बरगड्या बघितल्या आणि आईसमोर तुम्हाला म्हटलं, "तुम्ही गोळ्या खातच नाही. परसात टाकता." तुम्ही चिडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही श्वास गोळा करून एवढंच म्हणालात, "खाल्ल्या की गं. सगळ्या खाल्ल्या." मी मान फिरवली. त्यानंतर पावसाळा संपायच्या आत तुम्ही गेलात.

आज त्या माणसाला फुंकायला लावायच्या आधीच मी विचारलं होतं, काम काय करता. त्याच्या कागदावर ते मोठ्या अक्षरात लिहिलं, डॉक्टरांच्या नजरेतून चुकूनही सुटू नये असं. मशीन बंद झालं तरी तिथे जेवू नका, पंचा झटकू नका, पाण्यात बुडवून धुवा, दगडावर पाणी मारायला सांगा, असं सगळं सांगितलं. त्याची बायको ऐकून घेऊन म्हणाली, "व्हय बाई. पर गूळ चालतंय न्हवं?" उपयोग नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "चालतंय. द्या." तिने एक तुकडा मोडून मलाही दिला. मी तो तिथेच उभ्याने खाल्ला.

हे पत्र ज्या डब्यात ठेवणार आहे तो तुमचाच. तुमच्या ट्रंकेत कपड्यांखाली सापडला होता. आत गोळ्यांची रिकामी पाकिटं, एकेक बोटाने सपाट केलेली, दोऱ्याने बांधलेली. पुढच्या सुट्टीला मला दाखवायला ठेवली असणार. आई ती छातीशी धरून रडत होती. मी मात्र तिच्या हातातून घेतली, दवाखान्याचं गोळ्यांच्या नोंदीचं कार्ड शेजारी ठेवलं आणि मोजली, आप्पा. तुम्ही गेल्यावरसुद्धा मी मोजून बघितलं. एकही कमी नव्हती.