तिचा आकडा, माझा आकडा

३ फेब्रुवारी
नऊ पॉइंट दोन! हिचं हिमोग्लोबिन. आजपासून किरणं सुरू – टॉन्सिलचा कॅन्सर, एकूण तेहतीस वेळा. डॉक्टरीणबाईंनी त्या आकड्याभोवती गोल काढला. म्हणाल्या, रक्तात प्राणवायू कमी असला की किरणांचा जोर कमी पडतो. हिमोग्लोबिन खाली असलेल्यांना उपचार तितकेसे लागू पडत नाहीत, असं पुष्कळदा दिसतं. मग रक्त चढवून टाका की, मी म्हटलं. तर म्हणे, इतकं सरळ नाही. आकडा वाढला म्हणजे आजार हटला असं होत नाही. आधी लोहाच्या गोळ्या, नीट खाणं, दर सोमवारी तपासणी.

बाहेर आल्यावर ही म्हणाली, "जन्मभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्यात. आता माझा आकडा तेवढा वर न्या."

१० फेब्रुवारी
नऊ पॉइंट चार. एवढ्याशाने आम्ही दोघं हवेत.

१९ फेब्रुवारी
तोंड आलंय. गिळवत नाही, बोलवत नाही. कोर्टात तीस वर्षं टायपिस्ट होती – आता चिठ्ठ्या लिहिते आणि मी उत्तर लिहिलं की माझे ऱ्हस्व-दीर्घ सुधारते! पालक आणि अंडं मिक्सरमधून तीनदा काढून, गाळून दिलं. चिठ्ठी आली: 'चव लिफ्टच्या ग्रीसची. स्वयंपाकी मात्र चांगला.' वाटी संपवायला पाऊण तास लागला. पण संपवली, माझ्याकडे बघत.

३ मार्च
सात पॉइंट सहा. उद्या रक्त चढवायचं. किरणांना मात्र एक दिवसही खाडा नको. घरी आल्यावर मी चिडलो, तू अर्धं जेवण टाकून देतेस म्हटलं. तिने लिहिलं, 'आकडा मी काय मुद्दाम पाडते?' जीभ हासडून घ्यावीशी वाटली. मग तिचे केस विंचरत बसलो. विंचरू दिले.

४ मार्च
तिला रक्त लागलं, म्हणून बदली रक्त द्यायला रक्तपेढीत गेलो. तिथल्या मुलीने बोट टोचलं. मग दुसऱ्या हाताचंही टोचलं. "काका, तुमचं आठ पॉइंट चार आहे." मी हसलो – नवराबायको एकाच मापाचे! ती हसली नाही. दम लागतो का, विचारलं. लागतो, वयच झालंय, म्हटलं. तिने डॉक्टरांच्या नावे कागद लिहून हातात दिला.

हिला सांगितलं, दिलं रक्त. डोळे मिटून पडली होती म्हणून थाप पचली.

१९ मार्च
तेहतिसावी झाली! आकडा नऊ पॉइंट आठ. गुण किती आला ते तीन महिन्यांनी कळणार. ही टेबलावरून उतरली आणि सगळ्यांदेखत माझ्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली. लाजायचं वय गेलं आमचं.

२४ मार्च
रक्तपेढीचा कागद डॉक्टरांना दाखवला होता; तपासण्यांत माझ्या मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ निघाली. लवकर सापडली, म्हणतात. ऑपरेशन पुढच्या सोमवारी. आता सांगणं भागच होतं. बराच वेळ माझा हात धरून बसली. मग घोगरा, फाटका – पण महिनाभरानं पहिल्यांदाच तिचा आवाज ऐकला:

"रडू नंतर. तुमची फाईल आणा इकडे."