ठकीचा हात

४ जून
नव्या घरात सामान लागलं एकदाचं. तिसरा मजला, दोन खोल्या, पूर्वेची खिडकी आणि डोक्यावर धपाधपा नाचणारं कोणी नाही. निवृत्त मास्तरीणबाईला आणखी काय हवं? परदेशातल्या लेकीनं पार्सल पाठवलंय: तारांनी भरलेला हातमोजा आणि टीव्हीखाली ठेवायची एक डबी. ही डबी हाताची हालचाल टिपते. असाच जोड तिकडे माझ्या नातीकडे, आमच्या ठकीकडे. तिनं बोट दाबलं की इथे माझं बोट दाबलं जाणार. बोलायची सोय नाही, नुसता स्पर्श. जोडणीला आलेला माणूस म्हणाला, आजी, घाबरू नका हं. मी त्याच्या माहितीपत्रकातल्या इंग्रजीच्या चुका लाल पेननं दाखवल्या. मग मॅडम म्हणायला लागला. शाळेत कॉन्व्हेंटच्या सिस्टर उगीच नव्हत्या आमच्यावर घसा फोडत.

९ जून
संध्याकाळी मोजा चढवला आणि पाच वर्षांची इवली मूठ माझ्या तर्जनीभोवती आवळली गेली. थेट ऊबसुद्धा! माझ्यासारखी खडूस बाई डोळे पुसत बसली.

१५ जून
ठकी रोज येते. हात धरून बसते. जराही चुळबुळ नाही. गुणाची पोर.

१९ जून
लेकीला आज फोन करायला सवड झाली. ठकी आठवडाभर तापानं फणफणलीय, म्हणून तिचा मोजा कपाटात ठेवलाय, रागावू नकोस, म्हणाली. मग रोज माझा हात कोण धरत होतं? कंपनीला फोन लावला. तिथली मुलगी म्हणे, यंत्राला सवयीचा स्पर्श लक्षात राहतो. तिला म्हटलं, बाई, थापा मारायच्या तर जरा तयारी करून मार.

२० जून
खात्री करायला मोजा चढवला. आज त्या मुठीत माझा अख्खा पंजा मावला. तो लहान मुलाचा हात नव्हे. मोजा ओरबाडून काढला, माळ्यावर फेकला.

२१ जून
लेकीचा फोन. ठकीच्या मनगटावर बोटांचे वळ उठलेत. तिचा मोजा कपाटातच आहे. रडून सांगतेय, आजी फार जोरात धरते. लेकीनं मलाच झापलं, पोरीला कसले खेळ शिकवलेस? पण मी तर काल मोजा—
मी सोडवून घेतलं, म्हणून त्यानं तिला धरलं.

२२ जून
मोजा खाली काढला. घातला. लगेच धरलं. हाडं कडाकडा वाजली. लेकीला विचारलं— ठकी शांत आहे, खेळतेय. म्हणजे एका वेळी एकच हात. ठीक. माझा घे.

२५ जून
मोजा काढत नाही. जेवणं, लिहिणं डाव्या हातानं. अक्षर दळभद्री. उजव्याची बोटं काळीनिळी. ठकी फोनवर हसली. बस. तेवढं पुरे.

२७ जून
सकाळपासून पकड सैल. का? कंटाळला मेला?— आता मीच घट्ट धरून बसलेय— बोटं एकेक करून सोडवून घेतोय— नको, इकडे, माझ्याकडे— फोन वाजतोय, तिकडचाच— लहान आहे रे ती, माझा धर, मोड हवा तर, पण माझाच— शेवटचं बोट—