झाकणाचं काम

१८ ऑगस्ट
पत्र्याचा टेम्पो पुलावर अडकला, चारला आला. वर्कशॉपात ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्यांचे सांगाडे नुसते उभे. दिवस वाया.

संध्याकाळी बंगळुरूहून अमरचा फोन. नेहमीसारखा आईला, म्हणजे शालनला. अडीच वर्षं झाली, पोरगं घरी आलेलं नाही. शालन म्हणाली, "त्यांच्या कंपनीचा नवा लॅपटॉप बाजारात आला की मोठी सुट्टी मिळनार हाय. मग येतो म्हणला."
कधी येणार लॅपटॉप?
"ते सांगायला बंदी हाय. लिहून घेतलंय त्याच्याकडनं."
आणि हा काय करतो त्यात?
"झाकनाचं काम हाय म्हणं."
चार वर्षं इंजिनिअरिंग करून झाकणं. हे मोठ्यानं बोललो नाही.

१९ ऑगस्ट
मागं एकदा बोललो होतो. तो निघाला तेव्हा बॅग उचलायच्या ऐवजी म्हणालो, "ट्रॉल्या सोडून खेळणी करायला चाललास." तेव्हापासून फोन आईलाच. माझी चौकशी करतो, पण तिच्याकडून. हाकेच्या अंतरावर बसून मी ऐकतो.

२२ ऑगस्ट
मोबाईलवर एक चष्मेवाला सापडला. बाजारात न आलेल्या लॅपटॉपच्या आतल्या बातम्या सांगतो. अमरच्या कंपनीचं नाव टाकलं तर त्याचे सतरा व्हिडिओ निघाले. म्हणतो सप्टेंबरचा पहिला आठवडा. रंग तीन. वजन नेहमीच्या निम्मं. खरं-खोटं त्याला माहीत, पण बोलतो छातीठोक.
शालनला सांगितलं, सप्टेंबर. तिनं लगेच लाडवांसाठी हरभऱ्याची डाळ निवडायला घेतली. म्हटलं, अगं, अजून लॅपटॉप आला नाही.

३१ ऑगस्ट
चष्मेवाल्याचे चार व्हिडिओ बघितले. काल एक फोटोही दाखवला, कुणीतरी चोरून काढलेला. धुरकट. काळी कड आणि मागं दोन ठिपके. तो म्हणाला बिजागऱ्या. मी थांबवून, मोठा करून बघितला. बिजागऱ्याच आहेत. म्हणजे झाकणाचं काम म्हणजे हे. उघडझाप.
मग आमचं काम वेगळं काय आहे? ट्रॉलीच्या मागच्या फाळक्याची तर उघडझाप. फक्त आमच्या फाळक्यामागं दोन ब्रास माती असते.
रज्जाकभाईंना फोटो दाखवला. बावीस वर्षं माझ्याकडे वेल्डिंग करतात. म्हणाले, "पिन बारीक हाय." बास, एवढंच.

८ सप्टेंबर
पहिला आठवडा गेला. लॅपटॉप नाही.

९ सप्टेंबर
चष्मेवाला आज पडेल तोंडानं. म्हणतो महिनाभर पुढं जाण्याची शक्यता. आतून ऐकलंय की झाकणाच्या बिजागरीत गडबड आहे, एक बाजू तडकते.
जेवण गेलं नाही. अख्ख्या लॅपटॉपमध्ये शेकडो वस्तू असतील. तडकायला नेमकं माझ्या पोराचंच काम सापडलं. शालनला सांगितलं नाही. ती डाळ डब्यात भरत होती.

११ सप्टेंबर
आज फोन आला आणि शालननं तो माझ्या हातात दिला. "तुमालाच विचारायचंय म्हणतोय."
अडीच वर्षांनी पहिलं वाक्य: "बापू, फाळक्याची एकाच बाजूची बिजागरी का तुटते?"
मला सगळं कळलं, पण कळल्याचं दाखवलं नाही. बंदी आहे ना. म्हणालो, "माणूस फाळका मधोमध धरत न्हाई म्हणून. डायवर एका बाजूची खिटी काढतो, दुसऱ्या हातात त्याच्या कायतरी असतंच. सगळा पीळ पलीकडच्या बिजागरीवर जातो."
मग म्हणाला, "आमचं ट्रायलचं मशीन मधोमध धरून उघडतं. हजारो वेळा उघडलं. काही होत नाही."
"मशिनला तंबाखू मळायची नसते."
हसला. माझ्या बोलण्यावर हसला. मग म्हणाला, साहेब म्हणतात लॅपटॉप वापरणारे ट्रॉलीवाले नाहीत, ते नीट उघडतात. इथं जीभ चावली असणार, कारण लॅपटॉप हा शब्द तोंडून गेला होता. म्हटलं, मी काही ऐकलं नाही.
मी म्हणालो, बघून सांगतो.

१२ सप्टेंबर
स्टेट हायवेवरची बँक. बाकावर दीड तास. तिघांनी लॅपटॉप उघडले. तिघेही कोपऱ्यातून.
वॉचमन येऊन विचारून गेला, काका काम काय. म्हटलं, बिजागरी बघतोय. त्यानं माझ्यावरची नजर शेवटपर्यंत काढली नाही.

१३ सप्टेंबर
सेतू केंद्र, दवाखाना, विम्याचा माणूस, ज्यु. कॉलेजच्या कट्ट्यावरच्या पाच मुली. सेतूवाली बाई: एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी कोपरा. डॉक्टर: कानाला फोन, डाव्या हातानं कोपरा. मुली: एकीनं तर पिशवीतून काढता काढताच झाकणाला धरून उचलला.

१५ सप्टेंबर
एकूण तेवीस माणसं. मधोमध धरून, दोन्ही हातांनी उघडणारा एकच. दवाखान्यात नवीन लॅपटॉप विकायला आला होता.
सगळं एका कागदावर लिहिलं. कोण, कोणता हात, दुसऱ्या हातात काय. खाली आपला उपायही लिहिला. आपण दोन्ही बिजागऱ्यांतून एकच सळई आरपार घालतो, एक फिरली की दुसरी सोबत फिरते, पीळ उरत नाही. फोटो काढून अमरला पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.
शालन म्हणते, कामात असंल. मला वाटतं, हसले असतील त्याचे साहेब. खेळणी म्हणालो होतो, आता माझाच कागद खेळणं झाला.

२२ सप्टें.
घट बसले. अमरचा काही निरोप नाही. चष्मेवाला गप्प. मी त्याला खाली लिहून विचारलं, "काय खबर?" त्यानं लाल बदाम पाठवला. याचा अर्थ काय काढायचा.

२७ सप्टें.
रात्रीचं जेवताना अमरचा मेसेज. "बापू, सळई किती एमएमची घालता?"
घास तसाच ठेवून उठलो. पलीकडच्या घरातनं रज्जाकभाईंना बोलावलं, दोघांनी मिळून उत्तर लिहिलं. शालन ओरडली, आमटी निवली. पण ओरडतानाही हसत होती.

३ ऑक्टोबर
चष्मेवाला परत रंगात. म्हणतो गडबड निस्तरली, पुढच्या गुरुवारी नक्की. आणि म्हणे झाकण एका बोटानं उघडणार. रज्जाकभाई म्हणाले, "बापूशेठ, दोन बोटं लागली तरी चालंल. पोरगं येऊ द्या."

९ ऑक्टो.
आला. लॅपटॉप आला.
शटर अर्धं ओढून आम्ही तिघांनी मोबाईलवर कार्यक्रम पाहिला. इंग्रजी. शेवटी जाहिरात लागली. एक बाई खिडकीपाशी उभी. एका हातात कप. दुसऱ्या हातानं, दोन बोटांनी, कोपऱ्यातून झाकण उघडते. झाकण सरळ वर आलं. जरासुद्धा पीळ नाही.
शालन म्हणाली, कप छान हाय.
योगायोगही असेल. कप सगळ्यांच्याच हातात असतात. पण मी ती जाहिरात अकरा वेळा बघितली आणि मला रडू आलं. रज्जाकभाई ग्राइंडर लावून बसले, उगाच, कापायला काही नव्हतं.

१० ऑक्टो.
अमरचा फोन. माझ्या नंबरवर.
"बघितलं का बापू?"
"बघितलं."
"कोपरा बघितला?"
"बघितला."
मी म्हणणार होतो की त्या दिवशी मी चुकलो, खेळणी म्हणायला नको होतं. तोंडातून निघालं, "घासू नये म्हणून वायसर टाकलाय ना?" म्हणाला, टाकलाय.
सुट्टी मंजूर. तिकीट मात्र दिवाळीच्या गर्दीत वेटिंगवर. ३१. त्यात साहेब आतापासूनच पुढच्या मॉडेलच्या मागं लागलेत.

१३ ऑक्टो.
वेटिंग ११. शालननं डाळ दळून आणली. डबा मीच उतरवून घेतला.
चष्मेवाल्यानं पुढच्या मॉडेलच्या बातम्या सुरू केल्यात. बंद केला. पोरगं घरी येऊ दे आधी.

१५ ऑक्टो.
वेटिंग ४. निघाला तर शनिवारी सकाळी श्रीरामपूरला उतरेल. नाही निघाला तर साहेब पुन्हा सोडतील असं नाही.
पलीकडच्या गावचे अण्णा ट्रॉली न्यायला आले होते. रंग झालाय, चाकं बसलीत, फक्त फाळका भिंतीला टेकवून ठेवलाय. सळई, वायसर, दोन्ही बिजागऱ्या बाजूला काढून, ग्रीस लावून फडक्यात गुंडाळल्यात. अण्णा तापले. "अर्ध्या तासाचं काम हाय, बसवा की."
म्हटलं, "शनिवारपर्यंत दम धरा. झाकणाचा इंजिनिअर येतोय."