गरम पाणी येईपर्यंतच्या पाण्याची व्यवस्था

मी, फिलोमेना बेटनकोर्ट, कै. मनुएल बेटनकोर्ट यांची पत्नी, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा पूर्वी संत्र्यांच्या पॅकिंग शेडमध्ये नोकरी आणि हल्ली बादल्या वाहणे, राहणार एल्डर रोड, टुलेरी काउंटी, कॅलिफोर्निया, हे मृत्युपत्र स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वहस्ते लिहिते. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचे विचारत नाही, असे वकीलबाई म्हणाल्या. कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. माझ्यावर दडपण आणू शकेल असा एकच माणूस होता आणि तो चर्चमागच्या दफनभूमीत शांत पडला आहे.

यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात सगळे काही माझा एकुलता एक मुलगा अन्सेल्मो याला एका ओळीत देऊन टाकले होते. तेव्हा गोष्टी एका ओळीत मावत होत्या.

कलम पहिले, घर. हे घर मनुएलने बांधले. पाणी तापवायची टाकी त्याने गॅरेजमध्ये ठेवली आणि न्हाणीघर काढले घराच्या पार दुसऱ्या टोकाला, कारण तिथून डोंगर दिसतो. मी म्हटले होते, "गरम पाण्याला न्हाणीघरापर्यंत यायला बस पकडावी लागेल." तो हसला. "पाण्याला काय तोटा आहे, फिलो? पायाखाली समुद्र आहे आपल्या." तो पोर्तुगालच्या अझोर बेटांवर जन्मलेला. चहूकडे पाणी बघत वाढलेला माणूस दुष्काळी मुलखात घर बांधायला बसला की असेच बांधणार. तेव्हापासून नळ सोडला की गरम पाणी यायच्या आधी दीड बादली गार पाणी गटारात जात आले. माझे तारुण्यही त्याच नळाशी हात धरून थांबण्यात गेले, पण त्याची भरपाई मागण्याचे हे ठिकाण नव्हे.

मग समोरच्या बदामवाल्या कंपनीने खोल खोल बोअर मारले आणि आमच्या रस्त्यावरचे बोअर एकामागून एक कोरडे पडले. माझे अजून चालू आहे. का, ते देवाला ठाऊक. त्या उन्हाळ्यापासून मी नळाखाली बादली ठेवते. ते गार पाणी मागच्या खोलीतल्या जुन्या बाथटबमध्ये साठवते. फरशी, संडास, लिंबाचे झाड, सगळे त्यावर भागते.

कलम दुसरे, शेजार. कुंपणापलीकडे युसेबियो आरियागा, त्याची बायको चायो आणि त्याची आई दोन्या रेफुखिओ राहत; दोन्या म्हणजे त्यांच्या भाषेत मानाने बाई. त्यांचे बोअर आटले त्या दिवशी युसेबियो टोपी हातात घेऊन दारात आला. त्याला तोंड उघडायचीही लाज वाटत होती. मी म्हटले, "नळी आहे का लांब? नसेल तर माझी घे." पवित्र आत्म्याच्या सणाला आम्हा बेटवाल्यांच्या हॉलमध्ये येईल त्याला सूप आणि पाव वाढतात, कोणाचा कोण हे विचारत नाहीत. सूप देताना जे विचारायचे नाही ते पाणी देताना विचारायचे, हे मला कोणी शिकवले नाही. तेव्हापासून माझ्या बाहेरच्या नळावरून हिरवी नळी कुंपणाखालून त्यांच्या घरात जाते.

माझा पंप म्हातारा आहे. इकडे न्हाणीघराचा नळ सोडला की तिकडे धार करंगळीएवढी होते. म्हणून मी अंघोळीला जाताना कुंपणावर लाल टॉवेल टाकते आणि झाल्यावर काढते. टॉवेल दिसला की चायो भांडी बाजूला ठेवते. आमच्यात यावरून कधी एक शब्द झाला नाही.

आता ईस्टरचे लिहिते. लिहायचे नव्हते, पण ते लिहिल्याशिवाय पुढची कलमे समजणार नाहीत.

अन्सेल्मो फ्रेस्नोहून आला होता. सकाळी त्याने शॉवर सोडला आणि फोन कानाला लावून अंगणात गेला. मी ओरडले, "अरे, बादली तरी ठेव खाली. आणि टॉवेल टाक कुंपणावर."

"तापू दे गं पाणी. आई, बादलीभर पाण्यानं कोणाचं काय अडणार आहे?"

मी ओव्हनमधला गोड पाव सोडून आत जाईपर्यंत पाणी गरम होऊन, वाफ होऊन, पुन्हा गार झाले होते. तो फोनवरच होता. मग नळ खोकला, दोनदा गुरगुरला आणि बंद पडला. बोअरमधले पाणी खाली गेले होते आणि पंप हवा ओढत होता.

तेवढ्यात कुंपणाशी चायो आली. हातात रिकामे घमेले.

"दोन्या फिलो, नळीला पाणी नाही. सासूबाई पहाटे वारल्या. न्यायला गाडी येईल आता, त्यांना अंघोळ घालायची राहिलीय."

ती रडत नव्हती. ती नुसती घमेले धरून उभी होती, आणि ते मला अजून दिसते.

मी बाथटबकडे गेले. जे होते ते बादल्यांनी वाहिले, माझ्या गॅसवर तापवले आणि कुंपणावरून दिले. दोन्या रेफुखिओची शेवटची अंघोळ त्या पाण्याने झाली, जे गरम पाण्याची वाट बघताना लोक सोडून देतात. अन्सेल्मो टॉवेल गुंडाळून अंगणात उभा होता. त्याने सगळे पाहिले. संध्याकाळी पावाला हात न लावता तो निघून गेला. तेव्हापासून तो या घरात आलेला नाही. दर रविवारी फोन करतो आणि हवेबद्दल बोलतो.

कलम तिसरे, खोके. जूनमध्ये त्याने एक खोके पाठवले. वर चिठ्ठी: "आई, आता बादलीची गरज नाही." आत छोटा पंप आहे. तो बेसिनखाली बसवतात. बटण दाबले की पाइपात साचलेले गार पाणी गटारात न जाता परत टाकीकडे जाते आणि नळाशी ऊन पाणी पोचले की पंप आपोआप थांबतो. वस्तू चांगली आहे. मनुएलला पन्नास वर्षांपूर्वी सुचायला हवी होती. युसेबियो म्हणाला, "मी बसवून देऊ का? अर्ध्या तासाचं काम आहे."

"नको," मी म्हटले. "ज्यानं पाठवलंय तो येईल बसवायला."

"आणि नाही आला तर?"

"तर मी बादल्या वाहीन."

"दोन्या, तुमचे गुडघे..."

"गुडघे माझे आहेत. तू तुझ्या कोंबड्या बघ."

खोके बेसिनखाली तसेच आहे. माझ्या हट्टामुळे पाणी वाया जात नाही, फक्त मी जाते. मला माझ्या मुलाचा राग आहे आणि त्याची आठवण येते. दोन्ही गोष्टी मी पूर्ण शुद्धीत लिहीत आहे.

तरी हे घर मी अन्सेल्मोला देते. अट एकच, ते यंत्र त्याने स्वतःच्या हाताने बसवावे. माणूस लावून नव्हे. मनुएलचा मोठा पाना त्यासाठी त्याला वेगळा देत आहे, म्हणजे पाना नव्हता ही सबब राहणार नाही. तो माझ्या हयातीत आला तर ही अट पुरी झाली असे समजावे, आणि कॉफी मी करीन.

कलम चौथे, बोअर. माझ्या बोअरचे पाणी त्या हिरव्या नळीने घेण्याचा वहिवाटीचा हक्क मी युसेबियो आणि चायो आरियागा यांना त्यांच्या हयातीपर्यंत देते. अन्सेल्मोने घर विकले तरी, बदामवाल्यांना विकले तरी, नळी राहील. त्याने या कलमास हरकत घेतल्यास घर सणाच्या हॉलकडे जाईल. माझा मुलगा वाईट नाही. पण चांगली माणसेही फोनवर असताना नळ उघडा ठेवतात, म्हणून हे कागदावर घालते.

वकीलबाईंनी मला स्पष्ट सांगितले, "फिलोमेना, हक्क लिहून देता येतो. पाणी लिहून देता येत नाही." गेल्या आठवड्यात नळातून वाळू आली. मी युसेबियोला सांगितलेले नाही. भांड्यात तळाशी बसलेली ती वाळू मी बोटाने पुसली. जे मी देते आहे ते माझ्यामागे उरेल की माझ्याआधीच जाईल, हे मला माहीत नाही. पण नाही दिले तर नक्कीच जाईल.

कलम पाचवे, किरकोळ. सुपाचे मोठे पातेले हॉलला. मनुएलची बाकी अवजारे युसेबियोला, त्याने ती माझ्याच घरासाठी वापरली. बादल्या चायोला. बदामवाल्या कंपनीचा मॅनेजर दर नाताळात बदामांची टोपली पाठवतो, त्या सगळ्या न फोडता कपाटावर ठेवल्या आहेत. त्या त्याला परत द्याव्यात, आणि भिजत घालायला पाणी नव्हते म्हणून सांगावे.

कलम सहावे आणि शेवटचे. मला आमच्या बेटांच्या रीतीने घरीच अंघोळ घालावी. ती चायोने घालावी, तिचा हात हलका आहे. पाणी बाथटबमधले घ्यावे आणि गॅसवर तापवावे. माझ्यासाठी नळ सोडून वाट बघत उभे राहू नये.

यंत्र तोवर बसले असेल तर बाथटब कोरडा असेल. मग अन्सेल्मोने रिकामे घमेले घेऊन कुंपणाशी जावे आणि आरियागांकडे एक बादली पाणी मागावे. पाणी आपल्याच बोअरचे असेल, पण मागावे. ते नाही म्हणणार नाहीत.

येणेप्रमाणे लिहिले, वाचले, चष्मा लावून पुन्हा वाचले आणि साक्षीदारांसमोर सही केली.

(सही) फिलोमेना बेटनकोर्ट

साक्षीदार:
१. (सही) इदालिना तोस्ते, हॉलच्या स्वयंपाकात माझ्याबरोबर सूप ढवळणारी
२. (सही) वॉल्टर प्रुइट, निवृत्त, गॅसच्या टाक्या पोचवीत असे

युसेबियोला साक्षीदार करता आले नाही, कारण ज्याला काही मिळते त्याने सही करू नये असे वकीलबाई म्हणाल्या. तो बाहेर अंगणात थांबला आहे. कुंपणावर लाल टॉवेल नाही.

स्थळ: एल्डर रोड, टुलेरी काउंटी
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२२